मित्राचे मूल आणि आपली मैत्री



सांगलीतील आमच्या वस्तीतील एका तरुण उपासकाने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "गुरुजी, तुमची साठी उलटली. महिन्यातून दोन वेळा तुम्ही एस.टी.ने साताऱ्याला जाता आणि तिथे मित्राच्या पाच वर्षांच्या मुलीबरोबर अंगणात खेळत बसता. ग्रंथ वाचावेत, ध्यान करावे, विहाराचे काम बघावे असे हे वय. पोरात पोर होऊन काय साधते?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी त्याला तेव्हा हसण्यावारी नेले. पण घरी आल्यावर वाटले की प्रश्न साधा नाही. मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या लहान मुलात आनंद मानावा, त्याच्याशी मैत्री करावी, याला धम्मात काही स्थान आहे काय? की तो नुसता वेळेचा अपव्यय? तुमच्याही घरी मुले आहेत आणि तुमच्याही मित्रांच्या घरी मुले आहेत. म्हणून हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम माझ्या या छोट्या मैत्रिणीविषयी सांगतो. तिचे वडील एस.टी.त वाहक आहेत. विहाराच्या कामात आमची ओळख झाली व पुढे घरोबा झाला. ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान आहेत. तिकिटांचा ट्रे आणि चिमटा आता गेला, सगळी तिकिटे यंत्रातून निघतात. पण तिच्या वडिलांनी तो जुना चिमटा घरी जपून ठेवला आहे आणि मुलीने त्याचा ताबा घेतला आहे. मी गेलो की ओट्यावर गाडी लागते. मी उतारू, ती वाहक. जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाचे तुकडे ही तिकिटे. "काका, कुठं जायचं?" मी म्हणतो, "सांगली." "सुट्टे द्या की! आन् पुढं सरका, मागं लई गर्दी हाय." ओट्यावर मी एकटाच असतो, तरी मी पुढे सरकतो. मग टिंग टिंग, आणि गाडी सुटते. कऱ्हाडला ती मला पाणी प्यायला उतरवते. पेठ नाक्याला मी झोपलो तर खांद्याला धरून हलवते. एकदा मी मुद्दाम तिकीट हरवले असे म्हटले. तिने मला गाडीतून उतरवले नाही. कागद नीट फाडून तिने दुसरे तिकीट दिले आणि कानात सांगितले, "साहेबाला सांगू नका."

हे लिहितानाही मला हसू येते. साताऱ्याहून परत येताना गाडीत मी कधी एकटा नसतो असे मला वाटते. तेव्हा पहिली गोष्ट ही की, त्या मुलीला मी काही देतो आणि ती घेते असा हा व्यवहार नाही. मला तिच्याकडून आनंद मिळतो आणि तिलाही माझ्याकडून मिळतो. यालाच मी मैत्री म्हणतो.

माया, दया आणि मैत्री

आपली मराठी भाषा येथे आपल्याला मदत करते. तथागतांनी सांगितलेल्या मेत्तेला आपण मैत्री म्हणतो आणि दोन मित्रांमधल्या स्नेहालाही मैत्रीच म्हणतो. दोहोंना शब्द एकच. तरीही विहारात मैत्री भावना करताना आपण डोळे मिटून सर्व प्राणिमात्रांचे सुख चिंतितो आणि बाहेर आल्यावर चपला शोधताना पायात आलेल्या दुसऱ्याच्या पोरावर खेकसतो. असे का होते?

कारण आपण तीन गोष्टी एकत्र कालवतो. एक माया. ती आपल्या रक्ताच्या मुलावर असते. ती शिकवावी लागत नाही. गाईलाही वासराची माया असते. दुसरी दया. ती वरून खाली येते. देणाऱ्याचा हात वर असतो व घेणाऱ्याचा खाली. तिसरी मैत्री. ती सारख्या पातळीवर असते. साठ वर्षांच्या माणसाची आणि पाच वर्षांच्या मुलीची पातळी सारखी कशी होईल, असे कोणी विचारील. ज्ञानाने ती सारखी होणार नाही, बळानेही होणार नाही. पण सुखाची इच्छा आणि दुःखाची भीती या बाबतीत दोघे अगदी सारखे आहेत. श्रावस्तीजवळच्या रस्त्यात काही मुले मासे पकडून त्यांचे हाल करीत होती. तथागत तेथे थांबले. त्यांनी मुलांना दरडावले नाही. तुम्हांला दुःख आवडते काय, असे त्यांनी त्यांना विचारले. एवढ्या मोठ्या पुरुषाने वाटेत थांबून पोरांना प्रश्न विचारावा आणि त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे, यातच समानता आहे.

करणीय मेत्त सुत्तात आई आपल्या एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपते तशी भावना सर्वांविषयी ठेवावी असे सांगितले आहे. ही उपमा आपण नेहमी ऐकतो, पण तिचा रोख पुष्कळदा सुटतो. आईच्या मायेची स्तुती करून सुत्त थांबत नाही. ती माया 'माझे' या कुंपणाबाहेर न्या, असे ते सांगते. आता कुंपणाबाहेर पहिले पाऊल कोठे पडते? एकदम सर्व प्राणिमात्रांवर ते पडत नाही. ते शेजारच्या अंगणात पडते. मित्राचे मूल हे आपल्या रक्ताबाहेरचे पहिले मूल असते. त्याच्यावर प्रेम केलेच पाहिजे असे निसर्ग आपल्याला सांगत नाही, आणि ते मूल म्हातारपणी आपल्याला पोसणारही नाही. तरीही त्याला पाहून मन फुलते, तर त्या मनात मैत्रीचे बी आहे असे खुशाल समजावे.

आणि जात म्हणजे तरी काय? रक्ताचे कुंपण. कोणाच्या पोटी जन्मला यावरून कोणाला जवळ घ्यायचे हे ठरवणे. म्हणून दुसऱ्याच्या मुलाशी मैत्री ही आपल्यासारख्या धम्म स्वीकारलेल्या लोकांच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही.

साताऱ्याचा एक मुलगा

हे सांगताना मला त्याच साताऱ्यातील एका मुलाची आठवण होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तो तेथील सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरात त्याचे नाव भिवा रामजी असे आहे. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या मुलाची आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यातच वारली होती आणि आत्या मीराबाई त्याला सांभाळीत होती. आईविना वाढणाऱ्या या मुलाच्या आयुष्यात त्या काळात जी परकी मोठी माणसे आली त्यांच्याकडे जरा पाहू.

१९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ते लिखाण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. वडील रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटण्यासाठी नऊ वर्षांचा भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तर आला. चांगल्या कपड्यांतली, चांगली बोलणारी, एकटी पडलेली मुले पाहून त्याचा जीव हळहळला. त्याने आपुलकीने चौकशी केली. येथपर्यंत त्या माणसात काही कमी नव्हते. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलाने चटकन खरे ते सांगितले, आम्ही महार आहोत. त्याबरोबर त्या माणसाचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. मुले होती तेथेच उभी राहिली. पुढे तो परत आला खरा, पण गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच गाडी हाकायची, असे ठरले तेव्हा कोठे ती निघाली. आणि जवळ जेवण असूनही पाणी न मिळाल्यामुळे रात्रभर उपाशी राहिली.

वाचकहो, या प्रसंगातील तो एक क्षण नीट पाहा. जात समजण्यापूर्वी मुलांना पाहून त्या माणसाचे काळीज हलले होते. ते खोटे नव्हते. मूल दिसले की माणूस विरघळतो, हा माणसाचा मूळ स्वभाव आहे. जात ही त्याच्यावर मागाहून चढवलेली गोष्ट आहे. एक शब्द कानी पडताच ती त्या स्वभावाचा गळा कसा दाबते, हे मसूरच्या फलाटावर दिसते. मुलांचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. पण त्या माणसाचेही काही हरवले. चार गोड मुलांशी ओळख होण्याचा आनंद त्याच्या हातात आला होता आणि तो त्याने टाकून दिला.

याच साताऱ्यात चांगली माणसेही होती. शाळेत आंबेडकर आडनावाचे शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते या मुलाला बोलावून आपल्या डब्यातील भाजीभाकरी देत. बाबासाहेबांनी ती गोडी जन्मभर विसरली नाही आणि पुढे मोठे झाल्यावर त्या गुरुजींचा मोठ्या आदराने सत्कार केला. पण शिवाशीव होऊ नये म्हणून ते भाकरी मुलाच्या हातावर वरून टाकीत, हेही बाबासाहेबांनी सांगितले आहे. पेंडसे नावाच्या शिक्षकांनी एकदा पावसात चिंब भिजून आलेल्या भिवाला आपल्या मुलाबरोबर घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ करायला लावली. हीही माया खरीच. या माणसांना आपण कृतज्ञतेने वंदन करावे. परंतु त्या भाकरीतील आणि त्या हातातील वीतभर अंतरही विसरू नये. प्रेम तेथपर्यंत आले होते. शेवटची एक वीत त्याला ओलांडता आली नाही.

ती वीत ओलांडण्याचा प्रयत्न पुढे याच जिल्ह्यात झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ही सगळी दुसऱ्यांची मुले होती.

वडिलांचा मित्र

रामजींचे कुटुंब पुढे साताऱ्याहून मुंबईस आले. तेथे चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार येत. ते वेगळ्या जातीत जन्मलेले, वयाने तीस वर्षांनी मोठे. त्यांनी त्या मुलाची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत केळुसकरांचा उल्लेख आपल्या वडिलांचे मित्र असा केला आहे. मुलगा परीक्षा पास झाला म्हणून लोकांनी सभा भरवायची ठरवली, तेव्हा रामजींनी नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल अशी त्यांना भीती वाटली. लोक केळुसकरांकडे गेले. केळुसकरांनी रामजींची समजूत घातली. सभा झाली, आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाला भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता.

पाहा, बाप शिस्तीचा होता आणि ते त्याला शोभणारेच होते. पण मुलाच्या यशाचा उघड आनंद मानायला बापाचा मित्र पुढे आला. बापाला जे करायला संकोच वाटतो ते बापाचा मित्र करू शकतो. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे याला तथागतांनी मुदिता म्हटले आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी ती एक. त्या दिवशी मित्राच्या मुलाच्या हातात दिलेले ते पुस्तक आपल्या सर्वांना कोठवर घेऊन आले, हे नागपूरचा १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आठवला की कळते. परंतु बागेत बसलेल्या मुलाला पुस्तक देताना पुढे काय घडणार हे कोणाला ठाऊक असणार? मूल पुढे कोण होईल हे पाहून जी जवळीक केली जाते तिला मैत्री म्हणत नाहीत.

आपल्या घरातील मसूर स्टेशन

येथपर्यंत आपण इतरांचे दोष पाहिले. आता आपल्या घरात पाहू.

माझा मित्र आणि त्याची मुलगी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे सांगलीला आली. माझी आत्या आता पंच्याऐंशीची आहे. मुलगी आल्या आल्या तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिला तिकीट देऊन मोकळी झाली. आत्या अगदी हरखून गेली. मग तिने मला बाजूला बोलावून हळूच विचारले, "ही कुणातली?" मी सांगितले. माझा मित्र मातंग समाजात जन्मला आणि त्याने मागाहून दीक्षा घेतली. आत्याच्या घरात बुद्धमूर्ती आहे, ती रोज वंदना करते. तरीही त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला. मसूरच्या फलाटावरील चेहरा काही वेगळा नसेल. मुलगी शेंगदाण्याचा लाडू खात होती. तिच्या डोक्यावर ठेवायला उचललेला आत्याचा हात मध्येच थांबला.

मुलीने ते पाहिले. ती म्हणाली, "आज्जी, हात दुखतोय व्हय?" आणि उष्ट्या लाडवाचा अर्धा तुकडा तिने आत्याच्या हातात ठेवला.

आत्या बराच वेळ तशीच बसली. मीही काही बोललो नाही. आजवर आत्यापुढे मी पुष्कळ बोललो होतो. शेवटी तिने तो तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड हाय गं." निघताना मुलीने तिच्याकडून साताऱ्याला येण्याचे वचन घेतले. आत्या पूर्णपणे बदलली असे मी म्हणणार नाही. पण आता ती मला विचारते, "कंडक्टरीण कशी हाय?" तिची जात तिने पुन्हा विचारलेली नाही.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सर्व माणसे समान आहेत हे आपण तोंडाने म्हटले. पण जुनी उतरंड आपल्या मनात अजून रचलेली आहे. आपल्याला वरच्याने दूर सारले याची चीड येते, आणि आपण कोणाला दूर सारतो ते दिसत नाही. ती पाहायची असेल तर मोठ्या माणसांशी वाद घालून दिसणार नाही. वाद घालताना सगळेच समतावादी असतात. एखादे परके मूल मांडीवर येऊन बसले की आपला हात थांबतो की पुढे जातो, यावरून ती ओळखावी.

माझी स्वतःची चूक

दुसरी एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. मला एक मुलगा आहे. तो शिकला, नोकरीला लागला, पुण्याला राहतो. मी त्याला कधी मारले नाही, काही कमी पडू दिले नाही. पण मागे एकदा तो मला म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्याशी निवांत बोलला असाल तर फक्त निकालाच्या दिवशी." मला ते फार लागले, कारण ते खरे होते. आमच्या पिढीला एकच ध्यास होता, पोरगा शिकला पाहिजे. बाबासाहेबांचा तो आदेशच होता आणि तो मोडायचा नाही. पण शिक्षणाचा ध्यास घेताना आम्ही मुलाकडे मूल म्हणून पाहायचे विसरलो. घरी पाहुणा आला की पहिला प्रश्न, कितवा नंबर आला? दुसरा प्रश्न, त्रिशरण पाठ आहे का, म्हणून दाखव. मूल बिचारे आईच्या पदरामागे दडते. हा पाहुणा त्याला मित्र वाटेल कसा?

माझ्या मुलाबरोबर जे मी केले नाही ते आज मित्राच्या मुलीबरोबर करतो आहे, असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही. गेलेले दिवस परत येत नाहीत. पण एवढे समजले की कोणतेही मूल आपल्या आशेचे ओझे वाहण्यासाठी जन्मलेले नसते. मित्राच्या मुलाकडून आपल्याला काहीच मिळवायचे नसते, म्हणून त्याच्याशी मैत्री करताना हे लवकर कळते. आणि एकदा कळले की आपल्या मुलाकडेही त्या नजरेने पाहता येते. आता मुलाचा फोन आला की मी पगाराचे विचारीत नाही. काय जेवलास, कोणाबरोबर हसलास, असे विचारतो. सुरुवातीला तो गप्प राहायचा. हल्ली सांगतो.

ही मैत्री कशी असावी

या मैत्रीलाही शील लागते. ती आईबापांच्या समोर आणि उघड्या दारात असावी. मूल जवळ येत नसेल तर त्याला ओढू नये. पापा दे म्हणून मागे लागू नये. त्याचा नकार हा पुरा नकार समजावा. खाऊ देऊन मैत्री विकत घेऊ नये. आईबाप जे शिकवतात त्याच्या उलट मुलाला फितवू नये. रडवून गंमत पाहू नये.

आणि खोटे बोलू नये. मोठी माणसे मुलांशी जितके खोटे बोलतात तितके दुसऱ्या कोणाशी बोलत नसतील. बुवा येईल, पोलीस नेईल, उद्या बाहुली आणतो. लहानग्या राहुलाला तथागतांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व तितकेच अल्प असते हे समजावले, आणि थट्टेतही खोटे बोलू नये अशी शिकवण दिली. मुलाला दिलेले वचन हे वचनच. मी एका खेपेला येतो म्हणालो आणि गेलो नाही. पुढच्या वेळी माझी गाडी अर्धा तास सुटलीच नाही. वाहक रुसून चिमटा घेऊन आत बसली होती. मी कारण सांगितले, चूक कबूल केली; तेव्हा कोठे टिंग टिंग झाले.

त्या तरुण उपासकाला मी आता उत्तर देऊ शकतो. बाबा रे, मी साताऱ्याला मैत्री भावनाच करायला जातो. डोळे मिटून सर्व प्राणिमात्रांचे मंगल चिंतायला मी अजून शिकतो आहे; ओट्यावर बसून एका मुलीचे मंगल चिंतायला मात्र मला जमू लागले आहे.

येत्या पौर्णिमेला तुम्ही विहारात जाल तेव्हा तेथे दुसऱ्यांची मुले खेळत असतील. त्यांचा नंबर विचारू नका, कुणाची, कुणातली हेही विचारू नका. जवळ जाऊन खाली बसा आणि काय खेळता एवढेच विचारा. त्यांनी तुम्हांला खेळायला घेतले, तर पुढे सरका म्हणतील तेव्हा पुढे सरका.